किल्ल्यांची ऑन्टॉलॉजी : क्लास आणि प्रॉपर्टींची उतरंड कशी रचायची?

गडभटक्या

नमस्कार मंडळी,

आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपकडे किल्ल्यांची बरीच माहिती साठली आहे, सगळी एका एक्सेल शीटमध्ये. त्यात 'प्रकार' नावाचा एक रकाना आहे आणि ज्याला जे सुचलं ते त्याने त्यात भरलं आहे: गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट, वनदुर्ग, 'गिरिदुर्ग/वनदुर्ग', जोडकिल्ला, पडका, संरक्षित स्मारक, घाटाचा पहारेकरी. 'जंगलातले, डोंगरावरचे आणि शिवकाळात डागडुजी झालेले किल्ले दाखव' असं विचारलं की शीट हात टेकते.

म्हणून हे सगळं ऑन्टॉलॉजीच्या रूपात, म्हणजे कशाचा कोणता प्रकार आणि कशाचं कशाशी काय नातं हे संगणकाला कळेल असं, मांडायचं ठरवलं आहे. प्रोटेजे (ऑन्टॉलॉजी लिहायचा प्रोग्राम) उतरवून घेतलं, ती ज्या भाषेत लिहितात त्या आउलची तोंडओळख झाली. गाडी अडली आहे क्लास (म्हणजे प्रकार) आणि प्रॉपर्टी (म्हणजे नाती) यांच्या उतरंडीपाशी. सध्या कागदावर असं आहे:

किल्ला → गिरिदुर्ग → राजगड → माची → सुवेळा माची → बुरूज

प्रॉपर्टी अशा: बांधला, जिंकला, दुरुस्त केला, किल्लेदार, भाग, जिल्हा. सगळ्या एकाच पातळीवर.

गिरिदुर्ग आणि वनदुर्ग ही भावंडं मानायची की एकाच्या पोटात दुसरा? राजगड हा क्लास होतो का? आणि प्रॉपर्टींचीही उतरंड लावतात म्हणे, तिचा नेमका उपयोग काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोकण्या

रुमाल टाकून ठेवतो. जलदुर्गांवरून जुंपणार हे नक्की.

सह्यकडा

तुमच्या त्या एका ओळीत तीन वेगवेगळी नाती एकाच बाणाने दाखवली आहेत. आधी ती सोडवून घ्या.

किल्ला → गिरिदुर्ग हा बाण बरोबर आहे. कसोटी साधी: 'प्रत्येक गिरिदुर्ग हा किल्ला असतो' हे वाक्य अपवादाशिवाय खरं आहे का? आहे. मग गिरिदुर्ग हा किल्ल्याचा सबक्लास, म्हणजे उपवर्ग. ही कसोटी प्रत्येक बाणाला, मोठ्याने वाक्य म्हणून लावायची. मनातल्या मनात लावली की आपण स्वतःलाच सूट देतो.

गिरिदुर्ग → राजगड हा बाण वेगळा. 'प्रत्येक राजगड' असं म्हणताच येत नाही, राजगड एकच. तो इंडिव्हिज्युअल, म्हणजे गिरिदुर्ग या क्लासचा सदस्य. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यात यासाठी दोन वेगळ्या प्रॉपर्टी आहेत: सदस्यत्वाला पी-३१ आणि उपवर्गाला पी-२७९. त्या दोघींची अदलाबदल तिथे सारखी होते आणि मग चित्रविचित्र निष्कर्ष निघतात.

राजगड → माची हा तिसराच प्रकार. माची हा किल्ल्याचा भाग आहे, किल्ल्याचा प्रकार नाही. सुवेळा, संजीवनी, पद्मावती या तिन्ही माची क्लासच्या सदस्य, आणि 'भाग' या प्रॉपर्टीने राजगडाला जोडलेल्या. माचीला किल्ल्याचा सबक्लास केलंत तर रीझनर (लिहिलेल्यावरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) मुकाट्याने सुवेळा माचीला किल्ला मानेल. मग 'पुणे जिल्ह्यात किल्ले किती' विचारलंत की राजगड एकटाच चार-पाच मतं टाकून जाईल. बालेकिल्ल्याच्या बाबतीत तर नावातच 'किल्ला' असल्यामुळे हमखास फसायला होतं.

पवईच्या आयआयटीतल्या मराठी वर्डनेट या शब्दांमधल्या नात्यांच्या कोशातही 'प्रकार' आणि 'भाग' हे संबंध वेगळे ठेवलेले आहेत.

मोडीवाचक

वनदुर्ग-गिरिदुर्गाबद्दल थोडं. हे वर्गीकरण आपण नव्याने करत नाही आहोत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चार प्रकार येतात: औदक, पार्वत, धान्वन आणि वनदुर्ग. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात सहा: धन्वदुर्ग, महीदुर्ग, अब्दुर्ग, वार्क्षदुर्ग, नृदुर्ग, गिरिदुर्ग. आणि त्यात गिरिदुर्ग सर्वांत श्रेष्ठ म्हटला आहे.

यातला नृदुर्ग पाहा. माणसांनी, म्हणजे सैन्याने राखलेला. तो काही जमिनीचा प्रकार नव्हे. म्हणजे जुन्या लोकांनी 'किल्ला कशावर बांधलाय' हे विचारलंच नव्हतं. त्यांचा प्रश्न होता 'शत्रूला कोण अडवतं?' पाणी, वाळवंट, झाडी, कडा की माणसं. या प्रश्नाला एकाच किल्ल्यापुरती दोन उत्तरंही असू शकतात. वासोटा घ्या. डोंगरावर आहे आणि कोयनेच्या दाट रानात आहे. त्याला दोनपैकी एकाच खणात का कोंबायचं?

रानजाई

+१. आणि हे फक्त जुन्या ग्रंथांपुरतं नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, तेव्हाची वर्गवारी आठवा. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि जिंजी हे डोंगरी किल्ले. प्रतापगड 'डोंगरी-वन' किल्ला. पन्हाळा 'डोंगरी-पठारी'. विजयदुर्ग किनारी. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग बेटावरचे.

म्हणजे प्रतापगडासाठी एक आख्खा प्रकार आणि पन्हाळ्यासाठी दुसरा! उद्या 'डोंगरी-वन-घाटरक्षक' आला की अजून एक डबा वाढवायचा का?

सह्यकडा

रानजाई, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. अर्जात वाचणाऱ्याला एका नजरेत कळावं म्हणून जोडनाव ठीक आहे. ऑन्टॉलॉजीत जोडनाव दिसलं की समजायचं, इथे दोन अक्ष एकाच झाडात कोंबले आहेत.

मँचेस्टर विद्यापीठाचे अ‍ॅलन रेक्टर यांनी २००३ मध्ये यावर जी पद्धत मांडली ती मी वापरतो (माझं काम जीवशास्त्रातलं आहे, पण पद्धत तीच). हाताने लिहायचं झाड अगदी साधं ठेवा, प्रत्येक क्लासला एकच पालक. एका पालकाच्या पोटातली भावंडं एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत असं डिसजॉइंट म्हणून जाहीर करा. बाकीचं सगळं प्रॉपर्टीने सांगा आणि दुसरे-तिसरे पालक शोधायचं काम रीझनरवर सोडा.

तुमच्या बाबतीत एक झाड 'बांधकाम'चं: त्यात किल्ला, वाडा, मंदिर, लेणं. दुसरं झाड 'भूरूप'चं: डोंगर, बेट, किनारा, सपाटी. तिसरं छोटंसं झाड 'वनस्पती-आवरण'चं: दाट जंगल, विरळ झाडी, उघडं. आता:

गिरिदुर्ग ≡ किल्ला आणि 'स्थान' कुठला तरी डोंगर
वनदुर्ग ≡ किल्ला आणि 'आवरण' कुठलं तरी दाट जंगल

ही 'बरोबर तेच' अशी व्याख्या आहे, नुसतं 'सबक्लास' नाही. फरक मोठा आहे. नुसतं सबक्लास लिहिलंत तर 'गिरिदुर्ग असेल तर डोंगरावर असेल' एवढंच कळतं. व्याख्या लिहिलीत तर उलटंही चालतं: डोंगरावर आहे आणि किल्ला आहे, म्हणून तो गिरिदुर्ग. प्रतापगडाबद्दल तुम्ही फक्त 'किल्ला, डोंगरावर, दाट जंगलात' एवढं भरा. रीझनर चालवला की तो गिरिदुर्गातही दिसेल आणि वनदुर्गातही. पन्हाळ्यासाठी 'पठार' हे डोंगराचंच एक रूप म्हणून भूरूपाच्या झाडात डोंगराखाली घाला. तो आपोआप गिरिदुर्ग होईल, आणि फक्त पठारी किल्ले हवे असतील तर तेही मिळतील.

हो, आणि आता उघडच आहे की गिरिदुर्ग आणि वनदुर्ग यांना डिसजॉइंट जाहीर करायचं नाही. केलंत तर प्रतापगड भरल्याबरोबर सगळी ऑन्टॉलॉजी विसंगत होईल आणि प्रोटेजे लाल होऊन बसेल.

प्रश्नचिन्ह

एक बाळबोध शंका. हा एवढा पसारा कशाला? शीटमध्ये टॅग लावा: #डोंगर #जंगल. फिल्टर मारा. झालं.

सह्यकडा

बाळबोध नाही, रास्त शंका आहे. फक्त वेबसाइटवर चाळायला यादी हवी असेल तर टॅग पुरेत, खरंच. त्याहून थोडं नीट हवं असेल तर स्कॉस नावाचं प्रमाण आहे, २००९ पासूनचं. त्यात 'व्यापक संज्ञा' आणि 'मर्यादित संज्ञा' एवढंच सांगायचं असतं, तर्काचं ओझं नाही. ग्रंथालयांची विषयसूची अशीच चालते. तिथे 'रायगड'ची व्यापक संज्ञा 'गिरिदुर्ग' लिहिली तरी कुणाचं बिघडत नाही.

गडभटक्यांना मात्र 'जंगलातले आणि शिवकाळात डागडुजी झालेले' असे प्रश्न विचारायचे आहेत, आणि भरलेल्या माहितीतली चूकही पकडायची आहे. त्यासाठी आउल.

ओवी

प्रॉपर्टींच्या उतरंडीचा विषय मागे पडतोय, म्हणून मी सुरू करते. माझ्या मते खरी मजा तिथे आहे आणि लोक तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

सबप्रॉपर्टी म्हणजे काय? 'वडील' ही 'पालक'ची सबप्रॉपर्टी. शिवरायांचे वडील शहाजीराजे, एवढं लिहिलं की शिवरायांचे पालक शहाजीराजे हे फुकटात मिळतं. उलट मिळत नाही. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

आता 'पालक' ही 'पूर्वज'ची सबप्रॉपर्टी करा, आणि 'पूर्वज' ट्रान्झिटिव्ह जाहीर करा. पूर्वजाचा पूर्वज हा पूर्वजच. मग 'पालक' पण ट्रान्झिटिव्ह झाली का? नाही! पालकांचे पालक म्हणजे आजी-आजोबा. म्हणजे वरचा गुण खाली उतरला नाही. दुसरं: 'भावंड' ही सिमेट्रिक, म्हणजे उलटही खरी. तिच्या पोटातली 'भाऊ' नाही. शिवानीचा भाऊ ओंकार, म्हणून ओंकारचा भाऊ शिवानी? मुळीच नाही.

पण काही गुण उतरतात. वरची प्रॉपर्टी फंक्शनल असेल, म्हणजे एकाला एकच किंमत, तर खालचीही फंक्शनलच. वरची असिमेट्रिक (उलट कधीच खरी नाही) किंवा इररिफ्लेक्सिव्ह (स्वतःचं स्वतःशी नातं नाही) असेल तर खालचीही तशीच. मी लक्षात ठेवते ते असं: मनाई करणारे गुण खाली उतरतात, नव्या जोड्या पैदा करणारे उतरत नाहीत. खालच्या प्रॉपर्टीत वरच्याच काही जोड्या असतात. वर जे निषिद्ध ते खालीही निषिद्धच. पण वर जी जोडी नव्याने तयार झाली ती खाली असेलच असं नाही.

सह्यकडांनी स्कॉसचा उल्लेख केला. तिथे हीच युक्ती आहे. 'ब्रॉडर' (व्यापक संज्ञा) ट्रान्झिटिव्ह नाही, पण ती 'ब्रॉडर ट्रान्झिटिव्ह' नावाच्या प्रॉपर्टीच्या पोटात ठेवली आहे. लगेचची एक पायरी हवी तर खालची विचारा, सगळा जिना हवा तर वरची.

गडभटक्या

ओवीताई, दंडवत! मग माझ्या 'भाग'चं काय? बुरूज हा माचीचा भाग, माची राजगडाचा भाग, म्हणून बुरूज राजगडाचा भाग, हे मला हवं आहे. पण 'प्रत्येक माची नेमक्या एका किल्ल्याची' हेही सांगायचं आहे. दोन्ही लिहिलं तर रीझनर कुरकुर करतो.

ओवी

करणारच. आउलमध्ये ट्रान्झिटिव्ह प्रॉपर्टीवर 'नेमकं एक' अशी संख्येची अट घालता येत नाही, भाषेनेच मनाई केली आहे. अट घातलेली प्रॉपर्टी 'साधी' हवी: ती ट्रान्झिटिव्ह नको, तिच्या पोटातही तशी कुठली नको, आणि प्रॉपर्टी एकापुढे एक जोडून, म्हणजे साखळीतून, तयार झालेलीही नको.

उपाय पुन्हा उतरंडच. 'भाग' वर ठेवा, ट्रान्झिटिव्ह. तिच्याखाली 'थेट भाग', ट्रान्झिटिव्ह नसलेली. माहिती नेहमी 'थेट भाग'मध्ये भरा, संख्येची अट तिच्यावर घाला, आणि प्रश्न विचारताना 'भाग' वापरा.

मोडीवाचक

नात्यांचा विषय निघालाच आहे तर: मामा, काका, आत्या, मावशी यांचं काय? वंशावळी घालायच्या असतील तर लागणार.

ओवी

२००९ च्या आउल २ मध्ये प्रॉपर्टीची साखळी आली, आपल्या नात्यांना ती फार छान बसते. वडील + भाऊ = काका. आई + भाऊ = मामा. वडील + बहीण = आत्या. आई + बहीण = मावशी. आणि या चौघांच्या मुलांवरून चुलत, मामे, आते, मावस. (आत्याच्या नवऱ्यालाही काकाच म्हणतात हो, माहीत आहे. तो प्रश्न दुसऱ्या धाग्यावर.)

एक सापळा मात्र आहे. हात शिवशिवतात म्हणून पालक + अपत्य = भावंड अशी साखळी लिहाल. माझ्या पालकांची अपत्यं म्हणजे माझी भावंडं, बरोबर? पण माझ्या पालकांचं एक अपत्य मी पण आहे. म्हणजे संभाजीराजे स्वतःचेच भावंड ठरतील. मग तुम्ही म्हणाल, 'भावंड'ला इररिफ्लेक्सिव्ह करू. तिथे वरचाच नियम आडवा येतो: साखळीतून आलेली प्रॉपर्टी 'साधी' नसते, तिला ती मनाई लावता येत नाही. म्हणून 'भावंड' हाताने भरा. तिच्याखाली 'सख्खं' आणि 'सावत्र' अशा दोन सबप्रॉपर्टी ठेवा. संभाजीराजे आणि राजाराम महाराज सावत्र भाऊ: वडील एक, आई वेगळ्या, सईबाई आणि सोयराबाई. विचारताना 'भावंड' विचारलं की दोन्ही प्रकार येतील.

प्रश्नचिन्ह

टॅगवाला परत आलाय, आता थोडा वरमून. डोमेन (प्रॉपर्टी कुणाला लागते) आणि रेंज (तिची किंमत काय असते) म्हणजे डेटाबेसमधल्या अटी ना? 'बांधला'चं डोमेन किल्ला ठेवलं की किल्ल्याशिवाय दुसऱ्या कशाला ते लावताच येणार नाही.

सह्यकडा

नाही! डेटाबेसवरून आलेला प्रत्येक जण इथे ठेचकाळतो. डोमेन ही चौकी नाही, तो निष्कर्षाचा नियम आहे. 'बांधला'चं डोमेन किल्ला ठेवलंत आणि कुणी शनिवारवाड्याला 'बांधला: बाजीराव पहिला' लिहिलं तर चूक दाखवली जाणार नाही. शनिवारवाडा किल्ला आहे असा निष्कर्ष निघेल. वाडा आणि किल्ला डिसजॉइंट केलेले असतील तरच विसंगती दिसेल.

दोन डोमेन लिहिलीत तर त्यांचा छेद घेतला जातो. 'बांधला'ला किल्ला आणि वाडा दोन्ही डोमेन दिलीत तर जे जे बांधलं ते एकाच वेळी किल्लाही आणि वाडाही. स्कीमा डॉट ऑर्ग या वेबपानांसाठीच्या शब्दसंचवाल्यांनी म्हणूनच आपली वेगळी 'डोमेन इन्क्लूड्स' प्रॉपर्टी ठेवली आहे, तिचा अर्थ 'यांपैकी कुठलंही' असा सैल आहे.

उतरंडीचा इथे संबंध असा की वरच्या प्रॉपर्टीचं डोमेन खालच्या सगळ्यांना लागू होतं. म्हणून वर शक्य तेवढं व्यापक ठेवा ('बांधकाम'), आणि अरुंद करायचं ते खाली करा. वर चुकून अरुंद ठेवलंत तर खालच्या डझनभर प्रॉपर्टी ते निमूटपणे ओढत नेतात, आणि चूक सापडते तिसऱ्याच ठिकाणी.

लंडनस्थ

उशिरा आलो. संग्रहालयात नोंदींचं काम करतो. 'जिंकला', 'बांधला', 'किल्लेदार' या प्रॉपर्टी किल्ला आणि माणूस यांच्यामध्ये थेट ताणू नका. मध्ये घटना घाला. आमच्याकडे सीआयडीओसी सीआरएम ही संग्रहालयांच्या नोंदींसाठीची ऑन्टॉलॉजी वापरतात, २००६ पासून आयएसओचं प्रमाण आहे. त्याचा सगळा डोलारा घटनांवर उभा आहे, आणि प्रॉपर्टींची उतरंड कशी असावी याचा तो उत्तम नमुना आहे.

त्यात तीन प्रॉपर्टी एकाखाली एक आहेत. सर्वांत वर पी-१२: घटना कुणाच्या किंवा कशाच्या उपस्थितीत घडली. तिच्याखाली पी-११: घटनेत कुणी भाग घेतला. तिच्याखाली पी-१४: घटना कुणी घडवून आणली. रेंज पाहा: पी-१२ला वस्तूही चालते, पी-११ला कर्ताच लागतो.

१६७० ची कोंढाण्याची चढाई घ्या. तानाजी मालुसरे पी-१४, चढाई त्यांनी केली. किल्लेदार उदयभान राठोड पी-११: तो लढला, पण चढाई त्याने केलेली नाही. कोंढाणा स्वतः आणि तिथल्या तोफा पी-१२. आता 'या लढाईत कोण होतं' हे पी-११ने विचारा, तानाजी आणि उदयभान दोघेही येतात, कारण पी-१४ तिच्या पोटात आहे. 'चढाई कुणी केली' विचारा, एकटे तानाजी. 'काय काय हजर होतं' विचारा, सगळंच.

(घोरपडीला पी-१२ खाली घालायचं की नाही हा वाद मी इतिहासकारांवर सोडतो.)

घटना मध्ये आली की सालही कुठे लावायचं ते कळतं. 'जिंकला'च्या बाणाला साल चिकटवता येत नाही, घटनेला येतं. कोंढाणा १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या तेवीस किल्ल्यांमध्ये गेला आणि १६७० ला परत आला, हे थेट बाणाने कसं सांगणार?

रानजाई

मग 'किल्लेदार' हा क्लास ठेवायचा की नाही?

लंडनस्थ

ठेवला तरी 'व्यक्ती'च्या खाली, कधीही वर नाही. ग्वारिनो आणि वेल्टी यांची ऑन्टोक्लीन नावाची तपासणी आहे. तिचा एक नियम इथे पुरेल: जे असणं कधी सुटत नाही (व्यक्ती असणं) ते, जे सुटू शकतं (किल्लेदार असणं) त्याच्या पोटात घालायचं नाही. 'संरक्षित स्मारक'चंही तसंच. किल्ला त्याच्या पोटात घातलात तर महाराष्ट्रातला प्रत्येक बेवारस गड एका फटक्यात संरक्षित झाला! तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं. पडका, संरक्षित, अतिक्रमित या अवस्था आहेत. त्या प्रॉपर्टीतच बऱ्या.

कोकण्या

आता माझा नंबर. अलिबागचा कुलाबा किल्ला. भरतीला चहूबाजूंनी पाणी, ओहोटीला लोक चालत जातात, घोडागाडीही जाते. जलदुर्ग की किनारी? आणि विजयदुर्गला आमच्याकडे सगळे जलदुर्गच म्हणतात, युनेस्को किनारी म्हणतं.

सह्यकडा

माझं मत: लोक काय म्हणतात ते लेबल आणि व्याख्या काय सांगते ते क्लास, हे दोन वेगळे ठेवा. 'जलदुर्ग ≡ किल्ला आणि स्थान कुठलं तरी बेट' असं ठरवलंत तर भूरूपाच्या झाडात 'बेट'खाली 'भरतीचं बेट' हा एक सबक्लास काढा आणि कुलाबा त्याला जोडा. तो जलदुर्ग ठरेल, आणि ज्याला बारा महिने चोवीस तास पाण्यातले हवेत त्याला कुलाबा वगळताही येईल. विजयदुर्ग व्याख्येने किनारी, 'जलदुर्ग' हे त्याचं लोकांतलं वर्णन म्हणून टिपणात जाऊ द्या.

याच ओघात भुईकोटाबद्दल: 'जो डोंगरावर नाही आणि पाण्यातही नाही तो भुईकोट' अशी व्याख्या करू नका. आउलचं जग उघडं आहे, जे लिहिलं नाही ते खोटं असं ते मानत नाही. चाकणचा संग्रामदुर्ग डोंगरावर असल्याचं तुम्ही कुठे लिहिलं नाही म्हणून तो डोंगरावर नाही, असं रीझनर कधीच म्हणणार नाही आणि भुईकोटाचा खण रिकामा राहील. सकारात्मक लिहा: स्थान कुठली तरी सपाटी. चाकण, सोलापूर, अहिल्यानगर सगळे बसतील.

कोकण्या

कुलाब्याचं पटलं. विजयदुर्गाचं मालवणात येऊन सांगा, मग बघू :)

गडभटक्या

सगळ्यांचे आभार. 'किल्ला'च्या पोटातले हाताने काढलेले सगळे सबक्लास उडवले, आता तिथे फक्त व्याख्या आहेत. घटनांचंही झाड वेगळं काढलं. एकच अडलंय. ग्रुपमध्ये 'मराठा किल्ला' असा क्लास हवाच असा आग्रह आहे. पण जिंजी शिवरायांनी १६७७ मध्ये घेतला, बांधलेला नाही. पन्हाळा शिलाहारांचा. आणि शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला तरी तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. मग मराठा कुठला?

मोडीवाचक

हा क्लास गाभ्यात नकोच. भावनेचा भाग वेगळा, पण त्या शब्दात किमान तीन व्याख्या दडल्या आहेत: मराठ्यांनी उभारलेला, मराठ्यांच्या ताब्यात कधीतरी असलेला, आणि मराठ्यांच्या इतिहासात महत्त्वाचा. पहिल्या दोन घटनांवरून ठरवता येतात. तिसरी मशीनला सांगू नका, तो अग्रलेखाचा विषय आहे.

उभारणीतही थांबा जरा. सिंधुदुर्गाचं काम १६६४ मध्ये मोकळ्या बेटावर सुरू झालं. रायगड मात्र आधीचा रायरी, त्यावर राजधानी उभी केली. दोन्ही 'बांधला' म्हणून चालेल का?

ओवी

'बांधकाम-घटना' हा वरचा क्लास, खाली 'नवी उभारणी', 'विस्तार' आणि 'डागडुजी'. माणसं जोडतानाही दोन सबप्रॉपर्टी करा: 'आज्ञा दिली' आणि 'काम पाहिलं', दोन्ही लंडनस्थांच्या पी-१४च्या खाली. रायगडाची आज्ञा शिवरायांची, काम हिरोजी इंदुलकरांचं. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजींचं नाव कोरलेलं आहेच, पुरावा म्हणून तो शिलालेखही एक इंडिव्हिज्युअल करून टाका. प्रतापगडाला तसंच: आज्ञा शिवरायांची, काम मोरोपंत पिंगळ्यांचं.

गडभटक्या

केलं. 'मराठ्यांनी उभारलेला' या व्याख्येत रीझनरने सिंधुदुर्ग आणि प्रतापगड टाकले. विस्तारही धरला की रायगड येतो. 'कधीतरी ताब्यात' मध्ये पन्हाळा, जिंजी, शिवनेरी सगळे आले. ग्रुपला दोन्ही याद्या पाठवल्या आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण सुरू आहे.

आता जिल्ह्यांचं झाड लावायला घेतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणजे किल्ल्याचा जिल्हाही सालासकट लागणार. लंडनस्थ, यालाही घटनाच का?

लंडनस्थ

जिल्हानिर्मिती ही घटना, हो. किल्ल्याला मात्र थेट जिल्ह्याशी जोडू नका. गावाशी जोडा. गाव कुठल्या जिल्ह्यात ते वेगळं राहू द्या, म्हणजे सरकारने पुन्हा सीमा बदलल्या तर तुम्हाला किल्ल्याच्या नोंदीला हात लावावा लागणार नाही.